विसाव्या वर्षाला अकरा दिवस कमी

बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे भिंगमावशी म्हणत. केसाएवढा तडाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "मावशींना मुलगा नाही ते बरंय, सुनेचं काही खरं नव्हतं!" अशी पॅकिंगच्या बायका चेष्टा करायच्या.

निवृत्तीसाठी कामगार पगारातून जेवढं टाकेल, त्याच्या निम्मं कंपनी घालायची. दहा वर्षांनी बरोबरीनं, वीस भरली की दुप्पट. मावशी अठ्ठेचाळीसच्या होत्या आणि त्यांची वीस भरत आली होती. पुढची बारा वर्षं दुप्पट हिस्सा पडला, तर म्हातारपणी लेकीपुढे हात पसरावा लागणार नव्हता.

पण त्या वर्षी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. स्वतःची वीस वर्षं भरायला महिना उरला असताना भट्टीवरचा मुकादम 'नव्या विभागात' गेला. मग रंगकामातली बाई. मग गोदामातले काका. फाटक तेच, काम तेच, ओळखपत्रावर कंपनीचं नाव तेवढं निराळं.

"मी म्हणे नवीन लागलोय," काका जेवणाच्या सुट्टीत म्हणाले आणि डबा न उघडताच उठले.

मावशींचे अकरा दिवस उरले, तेव्हा कर्मचारी खात्याच्या साहेबांनी बोलावलं. एरवी मान वर न करणाऱ्या साहेबांनी चहा मागवला.

"पगार तोच, टेबल तेच, ताई. इथं सही करा."

मावशींनी कागद दोनदा वाचला. "यात माझ्या वर्षांचं काहीच नाही."

"वर्षं कुठं पळून जाताहेत?"

"मग तेवढं लिहून द्या."

साहेब हसले. "विचार करा. घरी माणसं आहेत तुमची."

दुसऱ्या दिवशी मावशींची जागा भट्टीच्या तोंडाशी होती, लालबुंद बाटल्या बाहेर पडतात तिथं. घरी त्यांचे भाजलेले हात बघून नवरा म्हणाला, "कर सही. जिवापेक्षा जास्त आहे का?"

"एकोणीस वर्षं जीवच घातलाय," मावशी म्हणाल्या.

सातव्या दिवशी घेरी आली. आजारी म्हणून घरी बसवतील या भीतीनं त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या, कुणाला कळू दिलं नाही. अकरावा दिवस संपला. पुढच्या महिन्याच्या पावतीवर दुप्पट हिस्सा पडला. नवऱ्यानं ती दोनदा वाचली आणि त्यांच्या हाताला मलम लावलं.

टेबल मात्र परत मिळालं नाही. एका सोमवारी भट्टीसमोर आणखी तीन स्टुलं मांडलेली दिसली. कुणाची वीस भरत आली होती, ते मावशींना पाठ होतं. त्या तडक पॅकिंगमधल्या त्या तिघींकडे गेल्या.

"कागदात वर्षं लिहिलेली नसतील, तर सही करायची नाही. ऐकताय ना?"

दोघींनी माना हलवल्या. तिसरी खाली बघत राहिली. तिच्या बोटाला ताजी शाई लागली होती.