पुस्तकाचा कौल

आठवीत शाळा सुटली आणि कामासाठी जालन्याकडून सांगलीला आलो, तेव्हा मला नीट वाचताही येत नव्हतं. हळदीच्या अडतीवर पोती उचलायचो. तिथल्या चर्चच्या एका पाळकांच्या घरी जेवण मिळायचं, आणि जेवणाआधी पाळकबाई पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक पान माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या. अडखळत मी काहीबाही जोडलं की म्हणायच्या, "अडलास तर थांब. पदरचं घालू नकोस." आज पलूसला भाड्याच्या खोलीत दर रविवारी मी संदेश देतो, तो त्या घरामुळं.

गेल्या उन्हाळ्यात जतकडचा एक म्हातारा धनगर उपासनेला येऊ लागला. त्याचा मुलगा इथं कारखान्यात कामाला. मुलाच्या हृदयाची झडप खराब झालेली, सांगलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं. एका रविवारी सगळे गेल्यावर म्हातारा सुनेला घेऊन थांबला.

"आवं पास्टर, पुस्तक उघडा."

"काय वाचू, बाबा?"

"डोळं झाकून उघडा. बोट पडंल तितं काय लिवलंय ते सांगा. पोराला कापायला द्यायचा का न्हाई?"

त्यांच्याकडं देवाला कौल लावतात. मूर्तीला ओली फुलं चिकटवायची. उजवीकडचं आधी पडलं की होकार. मोठं काम त्याशिवाय होत नाही. आमचं पुस्तकही त्यानं तसंच धरलं होतं.

सुनेनं मागून मान हलवली. हो म्हणा, एवढंच तिला सांगायचं होतं. आणि ते सोपं होतं. माझं शास्त्र वापरून वापरून स्तोत्रांवर आपोआप उघडतं, तिथं आधाराचे शब्द हवे तेवढे. ऑपरेशन व्हायलाच हवं होतं. पण मुलगा टेबलावरच गेला तर? आणि वाचला तरी मी येशूच्या नावानं एक फूल पाडून दाखवलं असतं, दुसरं काय?

"ह्यात कौल नसतो, बाबा."

"मग येवढं जाड कशाला केलंय?"

सून हसली आणि तिनं लगेच पदर तोंडाला लावला.

मी त्याला गेथशेमाने बागेचा भाग वाचून दाखवला. मरण समोर दिसतंय, ते टळावं म्हणून येशू देवाकडं, आपल्या बापाकडं, मागतो, आणि ते टळत नाही. पुढं क्रूस, थडगं, तिसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा उठणं, सगळं सांगितलं. मुलगा वाचेलच, असं कुठं म्हणालो नाही.

"डाक्टर खात्री देत न्हाई, तुमी बी देत न्हाई," म्हातारा उठला. "लय भारी मंडळी हायसा."

दोन दिवस म्हातारा दिसला नाही. ऑपरेशन राहिलं तर ते माझ्यामुळं, हेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा दारात.

"मागितलेलं दिलं न्हाई, तरी त्यो येशू देवाला बापच म्हणत हुता?"

"व्हय, बाबा."

"मग चला सांगलीला, दवाखान्यात. तुमी बी बसा आमच्यासंगं."

ऑपरेशन झालं, मुलगा सावरला, हळूहळू कामावरही जाऊ लागला. आता उपासनेत देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायची वेळ आली की म्हातारा उठून सांगतो, पास्टरनी कौल दिला. आणि दर वेळी मला उठावं लागतं. कौल दिला नव्हता, मलाही काही माहीत नव्हतं.

"बरं, न्हाई दिला," म्हातारा खाली बसत म्हणतो. "पर दवाखान्यात बाकड्यावर बसलं हुतं."