बेल्याकला दोन झालेली गाडी

लोव्रो पुंगार्तनिकला सैन्याने नाकारलं तेव्हा आम्ही दोघंही विशीत होतो. आमच्या मारिबोरमध्ये त्या काळी पोरगा सैन्यात निघाला की सगळी गल्ली त्याच्या अंगणात जेवायला असायची. अकॉर्डियन, वाईन, भाजलेलं डुक्कर, आणि कोपऱ्यात डोळे पुसणारी आई. लोव्रोच्या अंगणात यातलं काही झालं नाही. तो तपासणीला गेला आणि दुपारी परत येऊन सायकलची साखळी काढून बसला.

त्याला लहानपणापासून मधुमेह होता. त्याच्या घरच्यांखेरीज हे फक्त मला ठाऊक होतं. बाकी गावाला त्याने सांगितलं की आपले पाय सपाट आहेत.

“सपाट?” न्हावी म्हणाला. “मग बापाला सांग, तुला बदकांबरोबर नदीत सोड म्हणावं.”

“चालेल. तिथे निदान तुझी कात्री तरी नसेल.”

सगळे हसले, तोही हसला. बाहेर आल्यावर मात्र म्हणाला, “रादो, ही पोरं वर्षभराने परत येतील आणि जन्मभर सैन्यातल्या गोष्टी सांगत बसतील. मी काय सांगू? साखळी कशी बसवली ते?”

म्हणून त्याने ते ठरवलं. महिनाभराचा रेल्वेचा पास काढायचा, पाठीवर पिशवी टाकायची आणि जमेल तेवढी युरोपातली शहरं पालथी घालायची. सपाट पायांचा माणूस एवढं कसं चालणार, असं गल्लीत कुणीतरी विचारलंच. “बराकींच्या उलट्या दिशेने,” लोव्रो म्हणाला.

निघायच्या दिवशी तेता मिमीने, म्हणजे त्याच्या आईने, मला स्वयंपाकघरात ओढलं आणि माझ्या कोटाचे दोन्ही खिसे साखरेच्या खड्यांनी भरले.

“तो ठेवत नाही. म्हणतो, मी काय घोडा आहे? तू ठेव. आणि सुई टोचल्यावर त्याला उपाशी राहू देऊ नकोस, बाळा. बाकी कसंही वागू दे.”

इन्शुलिनची सुई टोचल्यावर थोड्या वेळात पोटात अन्न गेलं नाही तर काय होतं ते मी शाळेच्या सहलीत एकदा पाहिलं होतं, आम्ही दोघंच तंबूत असताना. आधी हात थरथरतात, अंगाला थंड घाम सुटतो. मग बोलणं अडखळतं, माणूस प्यायल्यासारखा डुलतो आणि झोपी जातो. वेळेवर साखर मिळाली नाही तर ती झोप मोडत नाही.

गाडी सुटल्यावर लोव्रोने माझ्याकडून शब्द घेतला. “चारचौघांत मला जेवलास का विचारायचं नाही. आणि काहीही झालं तरी कुणाला सांगायचं नाही.”

“काहीही म्हणजे?”

“म्हणजे काहीही. शब्द दे.”

मी दिला. मला भांडता येत नाही, आणि त्याच्याशी तर कुणालाच येत नसे.

व्हिएन्ना, पॅरिस, अॅमस्टरडॅम, कोपनहेगन. आम्ही गाड्यांत झोपायचो आणि पाव आणि डब्यातली कलेजीची चटणी खायचो. लोव्रो भलताच खुशीत होता. पॅरिसमध्ये त्याने एका फळवालीला अर्ध्या तासात हसवलं, फ्रेंचचा एक शब्द येत नसताना. पण अॅमस्टरडॅमच्या वसतिगृहात तो दंडात सुई खुपसत असताना तिथल्या माणसाने दार उघडलं. नशेबाज समजून त्याने आमच्या पिशव्या जिन्यावरून खाली भिरकावल्या. लोव्रोने एका वाक्यात खुलासा केला असता तर भागलं असतं. त्याने पिशवी उचलली आणि चालू लागला. पाऊस पडत होता.

“सांग ना त्याला!” मी म्हणालो.

“नशेबाज परवडला,” तो म्हणाला.

तेव्हापासून मी रोज रात्री खिशातले साखरेचे खडे मोजू लागलो.

शेवटचं शहर व्हेनिस. म्युनिकहून आम्ही बसलो ती गाडी बेल्याकला तुटणार होती. ऑस्ट्रियन लोक त्या गावाला फिलाख म्हणतात. पुढचे डबे इटलीकडे जाणार होते, मागचे बोगद्यातून आमच्या देशात, येसेनित्सेवरून थेट बेलग्रेडपर्यंत. प्रत्येक डब्यावर पाटी असते, आणि आपण आपल्या पाटीच्या डब्यात बसायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही बरोबर व्हेनिसच्या डब्यात बसलो होतो.

मागच्या डब्यांत जर्मनीत कामाला गेलेली आपली माणसं सुटीवर घरी निघाली होती. खोकी, टेलिव्हिजन, गुंडाळलेले गालिचे, प्लास्टिकची फुलं. दुपारी जेवणाआधी लोव्रो संडासात जाऊन सुई टोचून आला. मी पिशवीतून पाव काढला. तेवढ्यात मागून अकॉर्डियन ऐकू आलं.

“ऐकतोस? आपली गाणी!” त्याचे डोळे चमकले. “दोन मिनिटांत आलो.”

“आधी खा.”

त्याने भुवया उंचावल्या. समोर एक ऑस्ट्रियन बाई विणत बसली होती. तिला आमची भाषा कळत नव्हती, पण त्याच्या लेखी ती चारचौघांतलीच होती.

“तिथे भाजलेल्या कोंबड्या असणार, रादो. तुझी ती चटणी तूच खा.” आणि तो गेला.

मी पाव कापला, त्यावर चटणी लावली आणि वाट पाहू लागलो. डोंगर मागे पडत होते. आता येईल, मग येईल. कोंबडी मिळाली असेल, असं मनाला सांगत होतो. पण त्या लोकांत पाहुण्याच्या हातात आधी काय येतं ते मला माहीत होतं. आधी राकिया, घरी गाळलेली कडक दारू. ती नाकारणारा एक तर आजारी नाही तर घमेंडखोर, आणि लोव्रो आजारी तर ठरणार नव्हता. सुईवर, उपाशी पोटी, दारू. मी पाव हातात घेऊन उठलो.

दोन डबे ओलांडून गेलो तर मागच्या डब्यांकडे जायचं दार बंद. कंडक्टरने कुलूप लावलं होतं, कारण आम्ही बेल्याकमध्ये शिरत होतो. दाराच्या काचेतून मला पलीकडचा डबा दिसत होता. एक टोपीवाला माणूस खोक्यावर बसून अकॉर्डियन वाजवत होता. लोव्रो दिसेना. मी काच बडवली. टोपीवाल्याने माझ्याकडे पाहून ग्लास उंचावला.

गाडी थांबली. खाली साखळदंडांचा आवाज झाला, एक धक्का बसला, आणि तो टोपीवाला, तो ग्लास, ते खोकं हळूहळू माझ्यापासून लांब जाऊ लागलं.

मी फलाटावर उडी मारली. आमच्या दोन्ही पिशव्या डब्यातच राहिल्या होत्या, पण ते तेव्हा सुचलं नाही. मागचे डबे दुसऱ्या इंजिनाला लागले होते आणि शेवटचा डबा वळण घेत होता. मी धावलो. पण गाडीमागे धावून कुणाला गाडी मिळाली आहे?

स्टेशनच्या ऑफिसात लाल टोपीचा अधिकारी होता, आणखी तीन-चार कारकून होते. शाळेत शिकलेलं माझं जर्मन त्या क्षणी पार उडून गेलं.

“मित्र,” मी म्हणालो. “गाडीत. साखर!”

“साखर उपाहारगृहात,” अधिकारी म्हणाला आणि पेन्सिलीने दिशा दाखवली.

“नाही! मित्र झोपणार! दारू... दारू नाही!”

“त्या गाडीत सगळेच झोपतात,” एक कारकून म्हणाला. “कधी दारूने, कधी दारूविना.” बाकीचे हसले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. महिनाभर न धुतलेले कपडे, हातात चटणी लावलेला पाव, आणि तोंडाने साखर साखर. मी असतो तर मीही हसलो असतो.

तेव्हा मागच्या टेबलावरून आवाज आला. हळू, पण आमच्या भाषेत.

“काय झालंय, बाळा? नीट सांग.”

ती पन्नाशीची बाई होती, राखाडी स्वेटर घातलेली. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या भागात आमची भाषा घराघरांत बोलली जायची, पण चार भिंतींच्या आत. काही वर्षांपूर्वीच गावांच्या नावांच्या दोन भाषांतल्या पाट्या लोकांनी रस्त्यारस्त्यांवरून उखडून टाकल्या होत्या. सरकारी टेबलावर बसून ती भाषा बोलायची नसते, हे मलाही कळत होतं.

“अच्छा!” मघाचा कारकून म्हणाला. “तुलाही येते होय? इतकी वर्षं पत्ता नाही लागू दिलास.”

ती माझ्याकडेच पाहत होती. आणि मी सगळं सांगून टाकलं. मधुमेह, सुई, उपाशी पोट, राकिया. दिलेला शब्द आठवत होता, पण जीभ थांबली नाही.

तिने जर्मनमध्ये अधिकाऱ्याला दोन वाक्यं सांगितली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने स्वतःच रेल्वेचा फोन तिच्यापुढे सरकवला. बोगद्यापलीकडे, सीमेवरच्या येसेनित्से स्टेशनवर, यर्नेय नावाचा रेल्वेचा माणूस होता. ती त्याच्याशी मोठ्याने, स्पष्ट, आमच्या भाषेत बोलली. टाइपरायटर थांबले होते.

“गाडी अजून बोगद्यात आहे,” फोन ठेवून ती मला म्हणाली. “आली की डबे बघतील. बस.”

मला बसता येईना. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तिने माझ्या हातातला पाव काढून घेतला आणि कागदावर ठेवला.

फोन वाजला. तिने ऐकलं, ओठ आवळले.

“म्हणतोय, कुणीच आजारी नाही. डब्याडब्यातून ओरडून विचारलं. पोलिसांची तपासणीही झाली, गाडी सोडायचीय.”

मी तिच्या हातातून फोन ओढला. आयुष्यात मी कुणाच्या हातातून काही ओढलं नव्हतं.

“सोडू नका!”

“पोरा,” यर्नेय म्हणाला, “इथे शंभर माणसं आहेत आणि निम्मी घोरतायत. तुझा कोणता?”

“निळा शर्ट. उंच. तो स्वतः सांगणार नाही. विचारू नका, हात लावून बघा!”

“हात लावून काय बघू?”

“झोपलेल्यांची कपाळं. जो थंडगार आणि घामाने ओला असेल तो. पांघरुणं काढा. त्यांनी त्याला नीट झोपवलं असणार, मायेने!”

पलीकडे फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग पावलं, मग काही नाही. दूर कुठेतरी इंजिनाची शिट्टी झाली. गाडी सुटली असं मला वाटलं. बाईने माझ्या कोटाची बाही घट्ट धरली होती. अधिकाऱ्याने पेन्सिल खाली ठेवली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग धापा टाकत यर्नेय आला.

“सापडला. गालिच्यांमागे. अंगावर दोन कोट. ती माणसं म्हणतात, पोरगं एका ग्लासात गारद झालं, म्हणून झोपवलं. एक बाई त्याच्या हिरड्यांना मध चोळतेय.”

“डोळे उघडले?”

“अजून नाही. थांब.” तो कुणाशी तरी बोलला. “उघडले! उघडले बाबा. शिव्या देतोय. म्हणतो, मला काही झालेलं नाही.”

मी फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसलो.

संध्याकाळच्या गाडीने मी येसेनित्सेला पोचलो. बेल्याकच्या लोकांनी आमच्या पिशव्या आधीच इटलीच्या गाडीतून उतरवून ठेवल्या होत्या, त्या मी बरोबर आणल्या. लोव्रो फलाटावर बसला होता, पांढराफटक, खांद्यावर कुणाचा तरी कोट. त्याच्या शेजारी बाकावर ढीग होता. साखरेची पाकिटं, जॅमच्या बरण्या, मिठाईच्या खोक्यांवर खोकी. यर्नेयने ओरडून साखर मागितल्यावर खिडक्याखिडक्यांतून लोकांनी दिलं होतं, घरच्या मुलांसाठी आणलेलं.

“सांगितलंस,” तो म्हणाला.

“हो.”

“सगळ्या गाडीला कळलं. तिसऱ्या डब्यात न्हाव्याचा मेहुणा होता. माहीत आहे तुला?”

“नाही.”

“शब्द दिला होतास.”

“दिला होता. पुन्हा देणार नाही.”

तो मला मारील असं वाटलं. त्याने खांद्यावरचा कोट आवळून घेतला. मग विचारलं, “फोन कुणी केला?”

मी त्याला त्या बाईबद्दल सांगितलं. तिच्याकडे वळलेल्या मानांबद्दल, कारकुनाच्या बोलण्याबद्दलही. त्याने बाकावरच्या ढिगातून मिठाईचं एक खोकं काढून आपल्या पिशवीत ठेवलं.

सकाळी तो म्हणाला, “घरी तर आता बातमी पोचलीच. व्हेनिसला जाऊ. वाटेत तिला भेटू.”

बेल्याकला ती त्या दिवशी तिकिटाच्या खिडकीत होती. मागे रांग होती. लोव्रोने मिठाईचं एक खोकं पुढे केलं आणि आमच्या भाषेत म्हणाला, “काकू, काल तुम्ही ज्याच्यासाठी फोन केला तो मी.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. आणि जर्मनमध्ये विचारलं, “कुठलं तिकीट हवंय आपल्याला?”

मला राग आला. मी काही बोलणार होतो, पण लोव्रोने माझा हात दाबला. त्याने खोकं खिडकीच्या आत सरकवलं, जर्मनमध्येच “आभारी आहे” म्हणाला आणि बाजूला झाला.

“काल तर बोलली ना ती!” मी फलाटावर म्हणालो.

“बोलली म्हणून तर. तिला उद्याही तिथेच बसायचंय.”

पुढे तो ट्रकच्या कारखान्यात लेथवर लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. नव्या पाळीत पहिल्या दिवशी, पुढे त्याची बायको झालेल्या डारिंकाशी ओळख झाली त्याच संध्याकाळी, मुलीच्या लग्नात व्याह्यांनी ग्लास पुढे केला तेव्हा, तो आधी सांगून मोकळा व्हायचा. साठी उलटल्यावर गेला, घरच्या बिछान्यात, किडन्या थकल्या म्हणून. त्याला जन्मभर हट्टी म्हणणारे होते, पण लपवाछपवी करणारा म्हणून कुणी ओळखलं नाही.

पहिल्यांदा सांगितलं ते मात्र त्या दिवशी, व्हेनिसच्या गाडीत. समोर एक जाड इटालियन गृहस्थ बसले होते. लोव्रोचे कान लाल झाले. त्याने सुईची डबी काढून दाखवली, दंडाकडे बोट केलं, डोळे मिटून मान टाकली, मग स्वतःच स्वतःला हलवून जागं केलं. गृहस्थांनी घाबरून आपली टोपी उचलली आणि ते दुसऱ्या डब्यात गेले.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“वाईट,” तो म्हणाला. पुढच्या स्टेशनवर त्या जागेवर एक म्हातारी येऊन बसली. लोव्रोने पुन्हा डबी काढली.