निघत्या विमानाची खोट

फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून गिरणीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. चिंचणीत आमच्या घरामागे पिठाची गिरणी आहे आणि तिच्या मोटरचं एक बेअरिंग गेलेलं आहे. मी त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणतो, "काका, पीठ तर बारीक पडतंय ना?" अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं! माझं सगळं आयुष्य विमानांची इंजिनं ऐकण्यात गेलं. आधी फौजेत, आणि निवृत्त झाल्यावर सहा वर्षं दक्षिणेतल्या एका खाजगी संग्रहात, जिथे जुनी लष्करी विमानं नुसती मांडून ठेवत नसत, उडवतही असत. मला खोट ऐकू येते. ती ऐकू न यावी अशी सोय मात्र देवाने केलेली नाही.

फोन त्या संग्रहातूनच होता. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तिथे इंजिनांची प्रमुख आहे. मूळची नाशिकची, हुशार, आणि बडबडी इतकी की स्पार्क प्लग बदलतानासुद्धा गप्प बसायची नाही.

"सर, बातमी ऐकलीत ना?"

ऐकली होती. दूर कुठेतरी एका जुन्या लष्करी विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं. वैमानिकाने ते कसंबसं शेतात उतरवलं म्हणून वाचला. त्यानंतर त्या जातीचं इंजिन असलेली सगळी विमानं जमिनीवर बसवली गेली. त्यात आमचंही. आमचं म्हणजे एक दोन सीटांचं, पंख्याचं विमान, वयाने माझ्यापेक्षा मोठं, लढाई पाहून आलेलं. मी तिथे होतो तोवर त्याच्या इंजिनाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

"पण आपलं सुटेल, सर," ती म्हणाली. "असं ठरलंय की ज्या इंजिनाच्या वहीत तेलात धातूचा कण सापडल्याची एकही नोंद नाही, त्याची वरवर तपासणी करून उडवता येईल. नोंद असेल तर इंजिन पूर्ण उघडायचं. आणि उघडलं की संपलंच, याचे पार्ट आता मिळतात कुठे? पण तुमची वही स्वच्छ आहे. मी पान न् पान बघितलं. फक्त तुमच्याकडून एकदा 'हो' पाहिजे, तसं लिहून पाठवायचंय. रविवारी पहिलं उड्डाण. मागे मीच बसणार."

तिथली रीतच होती ती. इंजिनावर ज्याची सही, त्याने कामानंतरच्या पहिल्या उड्डाणात मागच्या सीटवर बसायचं. कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण सही करताना हात जपून चालायचा.

"सर? लिहू ना हो?"

"जेवतो आणि फोन करतो," मी म्हणालो. सकाळचे साडेदहा वाजले होते.

त्या वहीतलं एक पान खोटं आहे. मीच लिहिलंय.

दर ठरावीक तासांनी आम्ही इंजिनाच्या तेलाची जाळी काढायचो, ती पेट्रोलने धुवायचो आणि ते पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळायचो. फडक्यावर उरलेल्या गाळावरून चुंबक फिरवायचा. बारीक लोखंडी भुकटी चुंबकाला चिकटली तर फारसं बिघडत नाही, इंजिन थोडं झिजणारच. जे चिकटत नाही त्याची भीती. ते ब्राँझ असतं, आतल्या बुशचं, म्हणजे फिरता दांडा ज्या कड्यात बसतो त्याचं, आणि बुश सुटायला लागलं की इंजिन कधी दगा देईल ते सांगता येत नाही. असा कण मिळाला की चिकटपट्टीने वहीत लावायचा, खाली सही करायची, विमान बसवायचं. शेंबडं पोरही करू शकेल असं काम.

त्या दिवशी फडक्यावर एक ब्राँझचा पापुद्रा होता. नखाच्या चौथाईएवढा, पातळ, पिवळा, माशाच्या खवल्यासारखा. चुंबक मी त्याच्यावरून दोनदा नेला, तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी तिथे मोठा कार्यक्रम होता. ऐन तरुणपणी हेच विमान लढाईत उडवलेले एक वैमानिक येणार होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, बरोबर मुलं, सुना, नातवंडं. मी फडकं हातात धरून उभा राहिलो आणि मला अगदी स्पष्ट माझ्या आईचा आवाज ऐकू आला, "निघत्या होडीची खोट काढू नये."

आमच्या किनाऱ्यावर हे बाळकडूसारखं पाजतात. होडी पाण्यात ढकलली की कुठे चाललात विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, आणि जाळं फाटकं दिसलं, फळी ढिली दिसली, तरी त्या वेळी अवाक्षर काढायचं नाही. बोललं की ते खरं होतं, असा समज. फौजेत माझ्याबरोबर पंजाबी होते, मल्याळी होते. त्यातल्या कुणीही तो पापुद्रा वहीत लावला असता. चिंचणीच्या कोळ्याच्या पोराने तो शर्टाच्या खिशात टाकला आणि लिहिलं, 'धातूचे कण आढळले नाहीत.'

दुसऱ्या दिवशी मागची सीट माझी होती. ती मी त्या म्हाताऱ्या वैमानिकांना दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा मुलगा माझे हात धरून रडला. त्यांना शिडीवरून वर चढवायला दोघे लागले, पट्टे मी बांधले. त्यांची बोटं थरथरत होती, तरी बकल कुठे आहे ते त्यांना न बघता सापडलं. वीस मिनिटं विमान वर होतं आणि ती वीस मिनिटं मी काय ऐकत होतो ते मलाच माहीत. ते सुखरूप उतरलं. त्यांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "तुझ्या हातावर जीव टाकून गेलो होतो."

पुढे काही वर्षांनी ते घरच्या खाटेवर, वयाने गेले. त्यात माझा काही दोष नाही. पण माझ्या डोक्यातून ते अजून खाली उतरलेले नाहीत.

त्यानंतर दर वेळी मी ती जाळी जीव मुठीत धरून धुतली. पुन्हा काही सापडलं नाही. मग तो पापुद्रा आला कुठून? कदाचित जुन्या जुळणीत राहून गेलेला कचरा असेल. कदाचित नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती मूठ घट्ट आवळून नोकरी सोडली. आईला बघायला कुणी नाही, असं कारण दिलं. तेवढं तरी खरं होतं.

गावी आलो तर त्या इंजिनाचा आवाज माझ्याआधी येऊन बसलेला. चिंचणीच्या होड्या परतताना, कासाला जाणाऱ्या जीप चढावर लागताना, गिरणीत, बोअरच्या पंपात, सगळीकडे तो. नुसता आवाज असता तर सोसला असता. मध्येच एक ठोका चुकतो. मग पुढचा येईपर्यंत मी हातातलं सगळं सोडून वर बघतो. वर काही नसतं. माझी बायको तळासरीला आश्रमशाळेत शिकवते. तिला मी स्कूटरवरून डहाणूच्या स्टँडवर सोडतो, पण तिच्या हेल्मेटचा पट्टा मी लावत नाही. ती म्हणते, एवढा मोठा फिटर आणि एक बकल लावता येत नाही. लावता येतं. लावायला गेलं की मला ती म्हातारी बोटं दिसतात. दिवसाउजेडी, भर रस्त्यात दिसतात. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

फोन ठेवून मी आत गेलो आणि दाढीच्या डब्यातून तो पापुद्रा काढला. आई अंगणात सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. तिचे डोळे गेल्यात जमा आहेत, कान शाबूत आहेत.

"कोण होता फोनवर?" तिने विचारलं. "तुझा आवाज बदलला."

मी तिच्या तळहातावर तो पापुद्रा ठेवला. तिने तो अंगठ्याने चोळला.

"खवला नाय हा. कसला?"

मी तिला सगळं सांगितलं. इंजिन, वही, म्हातारे वैमानिक, रविवारचं उड्डाण, मागे बसणारी मुलगी. आता खरं कळवलं तर विमान कायमचं बसणार, माझी अब्रू जाणार. नाही कळवलं तर कदाचित काहीच होणार नाही. आणि शेवटी, लहान पोरासारखं, हेही म्हणालो, "तूच शिकवलंस ना आये, निघत्या होडीची खोट काढायची नाय."

तिने आणखी एका बोंबलाचं डोकं मोडलं.

"तुझ्या बाची होडी गेली, तेव्हा तू किती होतास?"

"अकरा." बाप गेला तो तुफानात, हे मी तेव्हापासून ऐकत आलोय. होडी नंतर वर झाईच्या किनाऱ्याला लागली, रिकामी.

"तुफान मागून आला," ती म्हणाली. "बाकीच्या होड्या आल्याच ना घरी. त्याचा मशीन निघतानाच खोकत होता. मी टोपली घेऊन उभी होते, मी ऐकला. तोंडापर्यंत आला होता बोल. सासू बाजूला होती, माणसं होती, निघत्या होडीला कसा बोलायचा? गिळला मी. कुणाला नाय सांगितला, तुला पण नाय. तू मशीनचा काम शिकायला गेलास तेव्हा देवाला बोलले, याला तरी माझा कान देऊ नको."

तिचा मला राग आला, आणि तो राग आल्याची लाजही वाटली. पन्नास वर्षं ही बाई ते खोकणं ऐकत याच अंगणात मासे सुकवत होती आणि मला वाटत होतं, आवाज एकट्या माझ्याच मागे लागलाय.

तिने पापुद्रा चाचपडत माझ्या हातात परत दिला.

"ती पोरगी अजून जमिनीवर हाय ना?"

"हाय."

"मग सांग. माझ्यासारखा नको करूस."

मी तिथेच, अंगणात बसून फोन लावला. पापुद्र्याचा आकार सांगितला, चुंबकाला चिकटला नव्हता ते सांगितलं, वहीतली तारीख सांगितली. पलीकडून लिहिण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"सर, हे मी लिहिलं की ते परत उडणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. लिही. पापुद्रा आजच पाठवतो, वहीत लाव."

"लिहिते." मग अगदी हळू, "पण सर, एक सांगा. त्याच तारखेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची सीट त्या आजोबांना दिली होती. मी इथे नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगते. एवढ्या मोठ्या मनाचे होते आमचे सर, म्हणून सांगते. तो मान म्हणूनच दिला होता ना तुम्ही?"

आईचे हात थांबले होते. ती माझ्याकडे तोंड करून ऐकत होती.

"नाही," मी म्हणालो. "मला बसायची भीती वाटली."