चौतीस मिलिमीटर

माणसाचा जीव कशात गुंतावा, याला काही नियम नाही. कोणाचा लेकरात गुंततो, कोणाचा गाण्यात गुंततो, आणि या जगात अशीही माणसे आहेत, ज्यांचा जीव ओंजळीत मावेल एवढ्या रेल्वे इंजिनात गुंतलेला असतो. घरातल्या एका खोलीत फळी टाकावी, तिच्यावर बोटभर रुंदीचे रूळ अंथरावेत, काडेपेटीएवढे स्टेशन उभारावे, आणि आपल्याच हातांनी घडवलेली गाडी त्या रुळांवरून फिरताना श्वास रोखून पाहावी! हसू नका, वाचकहो. इतक्या निर्मळ मनाने बसलेला माणूस देवाला दूर नसतो, असे मला तरी वाटते.

अशा माणसांसाठी एक मासिक निघत असे. त्या मासिकाकडे येणारी वाचकांची पत्रे तेवीस वर्षे टाइप करणाऱ्या एका बाईची ही हकीकत.

तिला सगळे पत्रताई म्हणत. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत संपादक, मागच्या खोलीत ही. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा गळका नळ. टेबलावर कॉम्प्युटर, पाकिटे फोडायची बोथट सुरी, डिंकाची बाटली. रोजचे टपाल फोडायचे, अक्षर लावायचे, टाइप करायचे, पान जुळवायचे. इंजिन-डब्यांच्या नकाशांखाली येणारे मापांचे तक्ते टाइप करण्याचे कामही तिच्याकडेच. स्वतः तिने आयुष्यात एक डबासुद्धा बनवला नव्हता. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा घराजवळची नोकरी हवी, म्हणून ती इथे आली. पुढे वडील गेले, भाऊ दूरच्या शहरात संसाराला लागला, आणि ही एका खोलीत एकटी राहिली. एकट्या माणसाचा स्वयंपाक करताना मिठाचा अंदाज कधी येत नाही, ही तक्रार तिने कितीदा तरी मनात केली. सांगायला घरात कोणी नव्हते.

पण पत्रे होती! काय ती पत्रे, आणि काय ते लिहिणारे! त्या मंडळींची एक रीत पत्रताईंना पहिल्याच वर्षी कळली होती. अंक उत्तम निघाला की टपाल सुनेसुने. प्रशंसेसाठी तिकीट चिकटवणारा त्यांत कोणी नव्हता. पण मासिकात कुठे तिळाएवढी चूक झाली, की कोण कुठून जागे होतील सांगता येत नसे! "चित्रातल्या सिग्नलचा हात वर आहे आणि गाडी मात्र खुशाल चालली आहे. ड्रायव्हरला निलंबित करावे." "आपण मालडब्याला लावलेला लाल रंग त्या वर्षी अस्तित्वातच नव्हता. माझे सासरे रेल्वेच्या रंगकाम खात्यात होते. त्यांना विचारायला ते आता नाहीत, पण असते तर रागावले असते." असे रागावत, टोमणे मारत, जीव ओतत ही माणसे लिहीत. पत्रताई वाचत, एकटीच हसत. पुढच्या खोलीतून संपादक विचारत, "काय झालं हो?" आणि ती म्हणे, "काही नाही साहेब. सासरे रागावलेत."

या सगळ्यांत एक पत्र वेगळे असे. चार तासांच्या अंतरावरल्या गावात एक वृद्ध घड्याळजी राहत. त्यांचे अक्षर मुंगीच्या पावलांसारखे. मजकूर नेहमीचाच, रूळ, चाके, वाफ. पण शेवटी एक ओळ वेगळी असे: "पत्र टाइप करणाऱ्या ताईंना नमस्कार." तेवीस वर्षांत दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आले नव्हते की आपली पत्रे कोणीतरी टाइप करते. ती ओळ छापायची नसते, म्हणून पत्रताई ती गाळत. गाळण्यापूर्वी दोनदा वाचत.

मग दिवस पालटले. लोक फोनवरच एकमेकांची उणीदुणी काढू लागले, आणि टपाल आटले. एका महिन्यात चारच पत्रे आली. संपादक दाराशी येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच त्यांना बोलायला वेळ लागला.

"पत्रताई, तीन महिने बघू. पत्रं नाही आली तर ते पान रंगांच्या जाहिरातीला देऊन टाकू."

"आणि मी?"

"तुम्ही आता आराम करा की! किती वर्षं तेच ते?"

आराम! आराम म्हणजे घरची ती एकटी खोली, ते अंदाज चुकलेले मीठ. त्या पानाशिवाय दिवसभरात तिच्याशी बोलणारे कोण होते?

त्याच अंकात तिच्या हातून खरोखरच एक चूक झाली. सहा दारांच्या डब्याला तिने पाच दारे टाइप केली, आणि एकतीस पत्रे आली! "सहाव्या दाराच्या प्रवाशांनी खिडकीतून उतरावे काय?" संपादक हसले, पान राहिले. आणि वाचकहो, मोह कुठल्या दाराने आत येतो पाहा. त्या न छापलेल्या सहाव्या दारानेच तो तिच्या मनात शिरला. पुढच्या महिन्यात तिने एक चूक मुद्दाम घातली. स्टेशनच्या घड्याळात तेरावा आकडा. सव्वीस पत्रे. त्यापुढच्या महिन्यात बोगद्याची दिशा उलटी. पस्तीस पत्रे. कोणाचे काय बिघडले? सगळे हसले, सगळे बोलले, पान गजबजले. तिने स्वतःला समजावले, ही तर नुसती थट्टा.

चौथ्या महिन्यात मधल्या पानावर एका जुन्या घाटातल्या इंजिनाचा नकाशा होता. पुढच्या आणि मागच्या धावचाकांच्या आसांमधले अंतर, चौतीस मिलिमीटर. तिने सदतीस केले. त्रेचाळीस पत्रे आली, त्रेचाळीसही जणांनी चूक पकडली, आणि संपादकांनी स्वतः जाऊन तिच्यासाठी खालून चहा आणला.

चव्वेचाळिसावे पत्र उशिरा आले. अक्षर मुंगीच्या पावलांचे.

"संपादक महाशय, आपले आभार मानावे तेवढे थोडे. हेच इंजिन मी गेली दोन वर्षे पितळेत घडवीत होतो. तरुणपणी ते शेडमध्ये उभे असताना मी स्वतः दोरीने मोजले होते आणि प्रमाणात उतरवून चौतीस धरले होते. आपला नकाशा पाहून कळले की मी चाळीस वर्षे चुकीत होतो. सांगाड्याला नवी भोके पाडली. जुने आणि नवे भोक यांच्या मधली भिंत केसाएवढी राहिली, ती फाटली. पुन्हा सांधली. चाके जोडणारे दांडे नवे कापले. आता इंजिन वळणावर अडकते. माझी पुढची चूक कोणती, ते कृपया कळवावे. आपण माझे डोळे उघडलेत. टाइप करणाऱ्या ताईंना नमस्कार."

पत्रताईंच्या हातातली सुरी टेबलावर पडली.

विश्वास ही वस्तू किती भोळी असते! ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरवते, आणि ज्याच्यावर विसंबली, त्याचे तेवढे खरे मानते. आपण देवावर असा विश्वास टाकतो. तो टाकावाच, सांभाळणारा समर्थ आहे. पण माणसाने माणसावर असा विश्वास टाकला, तर झेलणाऱ्याच्या पायांखालची जमीन थरथरली पाहिजे. त्या दुपारी त्या मागच्या खोलीत ती थरथरली.

उत्तर सोपे होते. "छपाईत चूक झाली, क्षमस्व," एवढे चार शब्द टाकले की भागले असते. नमस्कार शाबूत राहिला असता, नोकरी शाबूत राहिली असती. ते चार शब्द तिने सात वेळा टाइप केले आणि सात वेळा पुसले. ज्याने सगळ्या जगात एकट्याने तिला नमस्कार केला, त्यालाच दुसऱ्यांदा फसवायचे? रविवारी सकाळी ती बसमध्ये बसली.

दार सुनेने उघडले. पाहुणी कुठली ते कळताच ती आत वळून ओरडली, "बाबा, तुमच्या रेल्वेच्या पुस्तकवाल्या आल्यात!" आणि पत्रताईंना म्हणाली, "या, बघा तुमचे प्रताप. दोन महिने झाले, जेवायला हाका मारून माझा घसा बसला. म्हणे, 'माझं गणित चुकलंय.'"

घड्याळजी खिडकीशी बसले होते, डोळ्याला भिंग लावून. समोर ते इंजिन चाके वर करून पडले होते, आणि सांगाड्यावर सांध्याचा काळा व्रण होता. शेजारी वही उघडी. वहीत चौतीसवर काट मारलेली, वर सदतीस, आणि बाजूला अंकाचा महिना.

"तुम्ही टाइप करणाऱ्या ताई?" त्यांनी भिंग काढले. चेहरा असा उजळला की पत्रताईंना तिथेच पळून जावेसे वाटले. "अहो, बसा! मला वाटलं होतं, तुम्ही लहान असाल."

"काका, तुमचं काही चुकलेलं नाही. चौतीसच बरोबर आहे. सदतीस मी केलं."

"छपाईत होतं हो असं."

"छपाईत नाही. मुद्दाम केलं."

ते तिच्याकडे पाहत राहिले. "मुद्दाम कशाला?"

"चूक असली की पत्रं येतात. पत्रं आली नसती, तर पान बंद झालं असतं. आणि मी पण."

आत सुनेने कुकरची शिटी काढून ठेवल्याचा आवाज आला.

"बाकीच्यांना कळलं?"

"त्रेचाळीस जणांना."

"म्हणजे मीच एक गाढव." ते हसले, पण ते हसू ओठांवरच थांबले. "कळलं मलाही होतं, ताई. आकडा पाहिल्या पाहिल्या म्हटलं, हे चूक आहे. मग म्हटलं, तू एकटा, तुझी जुनी दोरी, तुझे हे डोळे. तिकडे एवढी जाणती माणसं बसून छापतात. म्हटलं, म्हाताऱ्या, हट्ट सोड."

"मी नवा सांगाडा..."

"पितळ मिळतं. हातही अजून चालतात." त्यांनी वही मिटली. "पण आता अंक आला की मी प्रत्येक आकड्यापाशी थांबणार. हा खरा, की पत्रासाठी टाकलेला? महिन्यातून एकदा मी निवांत वाचत बसायचो. ते कसं दुरुस्त करायचं, सांगा."

सुनेने आणलेला चहा पत्रताईंनी अर्धा प्यायला. निघताना घड्याळजी दारापर्यंत आले. पुन्हा या, असे म्हणाले नाहीत. एवढेच म्हणाले, "पावणेपाचची गाडी थांब्यावर थांबेलच असं नाही. हात करा."

सोमवारी तिने खुलासा लिहून संपादकांपुढे ठेवला. चारही चुका, चारही महिने, आणि शेवटच्या तिन्ही चुकांपुढे 'मुद्दाम' हा शब्द. ते वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे छापायचं? मासिकाची अब्रू जाईल, पत्रताई! 'नजरचुकीने' लिहा, मिटवून टाका."

"नजर चुकली नव्हती, साहेब."

"बरं, मग खाली नुसतं 'पत्रविभाग' लिहा."

"लोकांना वाटेल, पत्रविभागात पाच माणसं आहेत."

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद तसाच छापायला पाठवला. खाली सही, "मापे व पत्रे टाइप करणारी". वरून म्हणाले, "पुढच्या अंकापासून एक आकडा जरी चुकला, तर मी तुमची बाजू घेणार नाही." म्हणजे पुढचा अंक तिच्याच हातून निघणार होता.

एक्याऐंशी पत्रे आली. एवढी कधीच आली नव्हती. "यापुढे अंकासोबत फूटपट्टी द्यावी." "माझ्या नातवाचा जन्म सदतीस तारखेला झाला असे छापू नये, ही विनंती." "बाई, तेवीस वर्षांचे सगळे अंक आता मी माळ्यावरून काढले आहेत, आणि बायको मला घरातून काढणार आहे." काही पत्रांत थट्टा नव्हती, ती फार जड होती. आणि प्रत्येक पाकिटावर, आयुष्यात पहिल्यांदाच, पत्ता तिचा होता: पत्रविभागातील बाईंस. पाकिटे फोडताना तिचा हात दर वेळी थबकला. मग तिने एकही कठोर शब्द न गाळता ती सगळी टाइप केली. तिच्या बाजूने लिहिलेली दोन पत्रे तेवढी बाजूला ठेवली.

घड्याळजींचे पत्र आले नाही. त्यांना पाठवलेला अंक परतही आला नाही. पोस्टमनला तिने दोनदा विचारले.

पुढच्या अंकासाठी एका पुलाचा नकाशा आला, बावन्न मापांचा. तिने पोलादी पट्टी घेतली, नकाशा टेबलावर पसरून कोपऱ्यांवर डिंकाची बाटली आणि सुरी ठेवली, आणि एकेक माप आधी डावीकडून, मग उजवीकडून मोजले. वाकून मान धरली. समोरच्या भिंतीवर नळ गळत होता. प्रत्येक मापापुढे तिने पेन्सिलीने लिहिले, तपासले. त्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवील, हे तिला ठाऊक नव्हते. एकोणिसावे माप अर्ध्या मिलिमीटरने जुळेना. तिने पट्टी उचलली, पदराने पुसली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.