दसऱ्यानंतर नेट काऊन जाऊन राह्यलं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझी इंटर्नशिपची ऑनलाइन मुलाखत होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मुलाखत कशी असते हे मलाही नीट माहीत नव्हतं, पण सकाळपासून घरातले सगळे उगाच हळू बोलत होते.

माझ्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय केव्हाच बंद पडलेलं. मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट वापरायचं, अशी माझी सोय. त्या दिवशी मात्र केबल लावली की टुंग, नेट आलं. जरा धक्का लागला की टुंग, नेट गेलं. मी केबल बदलली. वीज वाचवायला केबल लावायचं पोर्ट आपोआप बंद करणारी सेटिंग काढली. ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. टुंग, टुंग.

"काऊन व, ते घंटी काऊन वाजवून राह्यलं?" बाबांनी विचारलं.

"नेट येते अन् जाते, बाबा."

"मंग आपल्या इजेच्या लायनीसारखंच हाय."

रडू यायला हवं होतं, हसूच फुटलं. तेवढ्यात लक्षात आलं, केबलचं टोक लॅपटॉपच्या पोर्टात पूर्ण आत जातच नाही. टॉर्च मारला. आत काहीतरी लाल होतं.

"आई, काल लॅपटॉपची पूजा कशी केली तू?"

"कशी म्हंजे? विळ्याची केली तशीच. हळद-कुंकू, अक्षता." मग हळूच म्हणाली, "त्याचं तोंड उघडं दिसलं, तर दोन दाणे घातले त्यात. त्याले कोणी काही खाऊच घालत नाही."

लॅपटॉप बंद करून मी झाडूची काडी ओढली.

"झाडूनं? पूजेचे दाणे हायेत ते!" आईने विझलेल्या उदबत्तीची काडी पुढे केली. तिनेच ते दोन लाल दाणे ओंजळीत झेलले.

केबल लावली. टुंग, एकदाच. मी ती हलवून पाहिली. नेट जागचं हललं नाही.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "अलीकडे एखादी अडचण कशी सोडवलीत?" पाठ केलेलं उत्तर तयार होतं. सांगावं की नको, असं करत शेवटी अक्षतांचंच सांगितलं. पलीकडे एकदम शांतता.

"गेलं काय व?" दारातून बाबा.

नव्हतं गेलं. बाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "पुढच्या आठवड्यापासून याल?"

मी नुसतीच जोरजोरात मान हलवत राहिले.

"हाव म्हन व, हाव म्हन!" दाराआडून आई ओरडली, आणि तेही तिकडे स्वच्छ ऐकू गेलं.