अक्काच्या टाकीसाठी स्किमर

खारं पाणी हा माझा जन्माचा वैरी. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली, कावेरीच्या कालव्यांची शटरं वर-खाली केली, आणि टोकाकडच्या गावांत समुद्राचं पाणी भातात शिरलं की लोकांच्या शिव्याही मीच खाल्ल्या. निवृत्त झालो आणि तेच पाणी कॅनमध्ये भरून, स्वतःच्या गाडीतून, नागपट्टिणमहून तंजावूरला आणायची पाळी माझ्यावर आली. दर पंधरा दिवसांनी. कर्म म्हणायचं, दुसरं काय.

हे सगळं अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, नागपट्टिणमला शाळेत शिकवलं आणि तिथंच राहिली. काचबिंदूने तिचा उजवा डोळा गेला, डावा अर्धामुर्धा उरला, तेव्हा मी आणि बायको तिला घेऊन यायला गेलो. ती म्हणाली, "टाकी येत असेल तर मी येते." टाकी म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची पेटी, दोनशे लिटरची. आत नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची एक जोडी, आणि त्यांचं राहायचं ठिकाण, म्हणजे एक ॲनेमनी. ही ॲनेमनी फुलासारखी दिसते, पण आहे जनावर. दगडाला चिकटून बसते आणि मासे तिच्या मऊ बोटांत शिरून झोपतात. अक्काच्या सामानात साड्यांची पेटी एक आणि टाकीचं सामान तीन खोकी.

डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकावं म्हणून थेंब घाला. थेंब चालू होते. पण नुसत्या थेंबांवर गप्प बसेल तो आमच्या घरातला कसला. मी ओरत्तनाडूच्या पुढे एका वैद्याकडे गेलो आणि डोळ्यांना थंडावा देणारं तेल घेऊन आलो. नल्लेण्णै, म्हणजे तिळाचं तेल, त्यात त्याची कसली कसली पाळंमुळं उकळलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी डोक्याला भरपूर चोपडायचं, तासभर मुरू द्यायचं आणि मग न्हायचं. आमच्याकडे बायकांचे तेलाच्या न्हाणाचे वार तेच, त्यामुळे अक्काने काही कुरकुर केली नाही. रोज सकाळी ती म्हणायची, "आज जरा बरं दिसतंय रे." मी म्हणायचो, "दिसणारच. तेल साधं नाही ते." दर महिन्याला मी नवी बाटली आणत होतो.

सकाळी नाष्टा झाला की ती टाकीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची आणि उजव्या हाताची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात सोडायची. मासे यायचे आणि चावायचे. मी ओरडलो की म्हणायची, "चावू दे. त्यांना दात कुठे आहेत?" कोण चावलं तेही सांगायची. "ही मोठी. हा धाकटा, हा घाबरत घाबरत येतो." मी काचेतून बघायचो, तर दर वेळी बरोबर. आधी हे मला कौतुकाचं वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की ती बोटांनीच त्यांना ओळखते, कारण डोळ्यांनी ओळखता येत नाही. हे मी बायकोला बोललो नाही आणि बायकोही मला बोलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पिवळट झालं. कितीही बदला, चार दिवसांत परत पिवळं. ॲनेमनी आकसू लागली. टाकीचं सामान विकणाऱ्या चेन्नईच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सार, तुमच्याकडे स्किमर नाही? स्किमरशिवाय ती जगायची नाही. ती गेली की मागोमाग मासेही जातील." अक्का शेजारीच बसली होती, फोन स्पीकरवर होता. ती त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा हे काम मी अंगावर घेतलं. तिचे डोळे माझ्या हातात नव्हते. पाणी होतं.

स्किमर म्हणजे एक उभी नळी. खालून पंप पाणी ओढतो आणि त्यात हवेचे बारीक बुडबुडे कालवतो. पाण्यातली घाण बुडबुड्यांना चिकटून फेस होऊन वर चढते आणि माथ्यावरच्या कपात सांडते. झालं यंत्र. पण निवडायला गेलात तर डोक्याला ताप. टाकीच्या कडेला लटकवायचा की खालच्या कपाटात दुसरी टाकी करून तिच्यात ठेवायचा? नळीची मान रुंद की अरुंद? पंपाचा पंखा बुडबुडे बारीक करणाऱ्या सुयांचा की साधा? खोक्यावर लिहिलेलं असतं, अमुक लिटरपर्यंत चालतो. असलं लिखाण मला नवं नाही. प्रत्येक शटरवर किती पाणी सुटतं ते पाटीवर रंगवलेलं असायचं, आणि त्या पाटीवर विश्वास ठेवून मी एकदा दोन गावांत भांडण लावून दिलं होतं. तेव्हापासून कागदावरचा आकडा मी अर्धाच धरतो. दोनशेच्या टाकीला चारशेचा स्किमर.

शिवाय एक अट अक्काची. आवाज नको. मासा दाणा उचलतो तेव्हा पृष्ठभागावर बारीक टप्प होतं, ते तिला ऐकू यायला हवं. ही अट मी दुकानदाराला सांगितली. इतकी वर्षं विकतोय, म्हणाला, असं कुणी विचारलं नव्हतं.

पहिला घेतला तो कडेला लटकवायचा. आठवडाभर त्याने काही केलं नाही. नवा असला की असंच असतं म्हणे, रुळावा लागतो. मग फेस चढला, आणि कपात काळपट, घट्ट, वाईट वासाचं पाणी जमलं. कॉफीच्या पहिल्या डिकॉक्शनचा रंग. मी कप घेऊन थेट स्वयंपाकघरात दाखवायला गेलो. बायकोने तो दारातूनच परत पाठवला. अक्काने मात्र हुंगला आणि म्हणाली, "शाबास." मला शाळेत कुणी शाबासकी दिली नव्हती, साठीत मिळाली.

मी वहीत रोज कपाची पातळी लिहीत होतो. मंगळवारी फेस बसायचा, बुधवारी उशिरा परत चढायचा. शुक्रवारी बसायचा, रविवारी चढायचा. वहीत हे स्पष्ट दिसत होतं आणि मी काय अनुमान काढलं? त्या दिवशी वीज कमीजास्त होत असेल. वीज खात्यात माझा एक जुना दोस्त आहे, त्याचं डोकं मी दोन आठवडे खाल्लं. मग पावसाळा संपता संपता फेस बंदच झाला. नळीत नुसते मोठे मोठे बुडबुडे, वर काही नाही. अक्काला ते कानांनीच कळलं. म्हणाली, "याचा आवाज पोकळ येतोय."

आता मी ईर्ष्येला पेटलो. यंत्रच कुचकामी, असं ठरवून दुसरं शोधायला लागलो. तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. टाकीखालचं कपाट सुताराकडून रुंद करून घेतलं, आत दुसरी टाकी बसवली, आणि सुयांच्या पंख्याचा, रुंद मानेचा, सहाशे लिटरचा स्किमर चेन्नईहून बसने मागवला. नव्या बसस्टँडवर मी स्वतः उतरवून घ्यायला गेलो. आवाज खरोखर नव्हता. पाण्याची पातळी मी दर दोन तासांनी एकेक मिलिमीटर करून बघितली. एक आठवडा, दोन आठवडे. फेस नाही. ॲनेमनी तोवर दगडाच्या फटीत शिरली होती. मासे तिच्याभोवती घुटमळत आणि वर येऊन तोंडं उघडत. अक्का विचारायची, "ती कशी आहे?" मी सांगायचो, "सावरते आहे."

एका सकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहून यंत्रांना आणि चेन्नईला शिव्या घालत होतो. आम्ही घरात मराठी बोलतो, पण शिव्या तमिळमध्ये देतो, त्या जास्त लागतात. बायको सांबारासाठी तुरीची डाळ शिजायला टाकत होती. तिने डाळीत चमचाभर तेल सोडलं आणि कुकरचं झाकण लावलं. मी विचारलं, "शिजवताना कशाला तेल?" ती म्हणाली, "इतकी वर्षं जेवताय आणि माहीत नाही? तेल घातलं की फेस येत नाही. नाहीतर शिट्टीतून सगळं बाहेर."

मी वही आणली. मंगळवार, शुक्रवार. डोक्यावर तेल मुरायला ठेवल्यावर तो एक तास अक्काने करायचं काय? पडता येत नाही, उशी तेलकट होते. ती टाकीजवळ बसायची, तीच तेलकट बोटं पाण्यात सोडून. पावसाळ्यात मी वैद्याला सांगितलं होतं, फरक कमी वाटतो. त्यावर त्याने रोज सकाळ-संध्याकाळ टाळूवर तळहाताने जिरवायला सांगितलं. म्हणजे माझ्याच सांगण्यावरून तेल रोजचं झालं, आणि तेव्हाच फेस कायमचा बसला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रामेश्वरम तर आम्हाला चार तासांवर, तरी मी बंब घेऊन भलतीकडेच धावत होतो.

आता खरं कारण सांगायचं तर दोनच वाटा होत्या. तेल बंद, नाहीतर बोटं बंद. दोन्हींतलं एकही मला तिला सांगवेना. मी पळवाटा काढल्या. म्हटलं, "अक्का, पाण्यात घालण्याआधी हात धुत जा." साबण चालत नाही, म्हणून शिकेकाईने. ती मुकाट्याने धुऊन आली. तासाभरात स्किमर असा फेसाळला की कप भरून कपाट, कपाटातून फरशी. शिकेकाईचा अंशही त्याला पुरतो हे मला कुठे ठाऊक. मग रबरी हातमोजे आणले. तेही तिने घातले. दहा मिनिटं बोटं पाण्यात ठेवून बसली आणि मग मोजा काढून मांडीवर ठेवला. "कोण आलंय ते कळत नाही रे," म्हणाली.

बायको म्हणाली, "तुम्हीच सांगा. तेल तुम्ही आणता."

दुसऱ्या दिवशी नाष्ट्यानंतर मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. डाळीचं सांगितलं, वहीचं सांगितलं. वैद्याचं तेल बोटांवरून पाण्यात उतरतं, आणि म्हणून पहिला स्किमरही वाईट नव्हता आणि दुसराही नाही, हे सांगितलं. मी म्हटलं, "तू थोडे दिवस बोटं घालू नकोस. डोळ्यांचं औषध मध्येच सोडून कसं चालेल?"

तिने विचारलं, "तेल सोडलं तर फेस कधी येईल?"

"तीन-चार दिवसांत."

"मग सोडलं."

"अक्का, डोळे..."

"डोळे गेले रे. गेल्या पोंगलला रांगोळी दिसली नाही, तेव्हाच गेले." आवाज अगदी रोजचा, वर्गात हजेरी घेताना असावा तसा. "तू एवढ्या भक्तीने ओरत्तनाडूला जात होतास. बाटली आणलीस की दोन दिवस तुझा आवाज बरा असायचा. म्हणून लावत होते."

मला लाज वाटली. मी मोजणारा माणूस. घरातली एवढी मोठी पातळी मी वर्षभर चुकीची लिहीत आलो होतो, आणि तीही मला चुकीचीच सांगत आली होती, माझ्यासाठी. काही तरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू दुसरा वैद्य शोधला असतास," ती म्हणाली. हे खरं होतं.

तिने पदराने बोटं पुसली, एकेक करून, बराच वेळ. मग खुर्ची काचेकडे वळवून घेतली आणि म्हणाली, "दिसतंय दिसतंय म्हणत राहिले, त्यामुळे तुला विचारता येत नव्हतं. आता विचारते. ते कसे आहेत, नीट सांग."

मी म्हटलं, "नारिंगी. अंगावर तीन पांढरे पट्टे."

"ते मला ठाऊक आहे. आज कसे आहेत?"

मी चष्मा पुसला आणि काचेला नाक लावलं. मोठीचा रंग फिका पडलाय, म्हणून सांगितलं. धाकट्याची शेपटी एका बाजूने फाटली आहे. ॲनेमनी ताटलीएवढी होती, ती आता आमटीच्या वाटीएवढी झाली आहे, तोंड उघडं आहे आणि अर्धी बोटं गळली आहेत. सावरते आहे असं मी सांगत होतो ते खोटं होतं, हेही सांगितलं.

ती मान हलवत ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "आणखी?"