लसीचं कार्ड

आमच्या गटाचा नियम साधा आहे: सांभाळायला आणलेलं कुत्रं कायमच्या घरी गेलं की महिनाभर त्याला भेटायचं नाही. त्यानं तिथं रुळायला हवं. नव्या स्वयंसेवकांना हे मीच दम देऊन सांगायचे.

मोटारसायकलखाली येऊन मागचा पाय मोडलेली एक कुत्री अकोल्यात जुन्या शहरातल्या माझ्या घरी चार महिने राहिली. नाव ठेवायचा हक्क नव्या घराचा, म्हणून मी तिला नुसतं "ए बाई" म्हणायचे. ए बाई, सरक. ए बाई, ती माझी पोळी आहे. दारात चप्पल काढताना हाक मारली, की लंगडत यायची आणि शेपटीबरोबर सगळं अंग हलवायची.

मोर्शीजवळ संत्र्याची बाग असलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं तिला मागितलं. माणसं चांगली होती. मी खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. तिला पोचवायला गेले तेव्हा तिचं लसीचं कार्ड मात्र मुद्दाम पर्समध्येच ठेवलं. परत जायला निमित्त नको का?

बाराव्याच दिवशी अमरावतीला बस बदलून मी तिथं हजर. तिनं अंगावर अशी झेप घेतली की माझा चष्मा पडला. मग तासभर माझ्या पायावरून हलली नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? काकूंनी चहा दिला, पिशवीत संत्री भरली. निघताना काका तिचा पट्टा धरून उभे होते. तिच्याकडे वळून बघायचं नाही, या नादात कार्ड द्यायचंच राहिलं.

संध्याकाळी घराचं कुलूप काढत होते, तेवढ्यात काकांचा फोन आला.

"ताई, तुमी गेल्या न ते हिसका देऊन सुटली. बसच्या मागं पयाली. तवापासून पाहून रायलो आमी. आमी ठेवलेलं नाव तं तिले समजतच नाही. तुमी काय म्हणून हाका मारत होत्या तिले?"

मी सांगितलं. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. बागेतून त्यांचा म्हातारा आवाज लांब लांब जात राहिला, "ए बाई! ए बाई!" मी दारातच बसून रडले.

आठ दिवस आम्ही सगळ्यांनी तो रस्ता पालथा घातला. ती सापडली नाही.

नव्या स्वयंसेवकांना नियम अजूनही मीच सांगते. आता दम देत नाही. पर्समधून कार्ड काढून दाखवते.